थंडीत सोलचं काय होतं? बर्फावर धावायचे बूट निवडताना

टोरांटोत पहिला बर्फ पडला की धावायचे बूट घ्यायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: वॉटरप्रूफ आहेत का? पुण्या-नाशकाहून तिकडे गेलेल्यांचाही हाच. प्रश्न बरोबर आहे, पण तो तिसऱ्या क्रमांकावर विचारायला हवा. पाय भिजला तर धावणं नकोसं होतं. पाय घसरला तर मनगट नाहीतर खुबा मोडतो. म्हणून बूट आधी उलटा करावा आणि सोल पाहावा.

बर्फ मुळात निसरडा का, याचं शाळेतलं उत्तर असं: वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून आपण घसरतो. हिशेब करून पाहा. एका वातावरणाएवढा दाब वाढला की बर्फाचा द्रवणांक जेमतेम 0.0074 अंशाने उतरतो. 70 किलोचा माणूस धावताना पायावर वजनाच्या अडीच पट भार येतो असं धरू. चवड्याखालची जागा 70 चौरस सेंटिमीटर धरली, तर दाब साधारण अडीच वातावरणं. द्रवणांक उतरला 0.02 अंशाने. उणे 5 अंशांवरच्या बर्फाला याने काही होणार नाही.

खरं कारण बर्फाच्या पृष्ठभागातच आहे. आतल्या प्रत्येक रेणूला चारही बाजूंनी शेजारी धरून ठेवतात. सगळ्यात वरच्या थरातल्या रेणूंना वरून धरणारं कोणीच नसतं. ते सैल असतात, हलतात, आणि शून्याच्या जवळ हा सैल थर काही नॅनोमीटर जाडीचा होतो. मायकेल फॅरडेने 1850 साली बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की चिकटतात यावरून हा अंदाज बांधला होता. त्यात घर्षणाच्या उष्णतेने वितळलेल्या पाण्याची भर पडते. गारठा वाढला की हा थर पातळ होतो. म्हणूनच उणे 15 अंशांच्या कोरड्या सकाळपेक्षा शून्याच्या आसपासची, वर पाणी सुटलेली सकाळ बुटांसाठी जास्त धोक्याची असते.

आता सोलकडे येऊ, कारण सगळी गंमत तिथे आहे. रबर म्हणजे वाडग्यातल्या शेवयांसारखे एकमेकांत गुंतलेले लांबलचक रेणू, मधेमधे गंधकाने टाचलेले. उष्णतेमुळे या शेवया सतत वळवळत असतात. दाबलं की त्या बाजूला सरकतात, सोडलं की परत येतात. रबराचा मऊपणा तो हाच. तापमान उतरत गेलं की वळवळ मंदावते आणि एका टप्प्याला जवळपास थांबते. मग रबर काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. या टप्प्याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. नैसर्गिक रबराचं ते उणे 70 अंशांच्या आसपास, पॉलिब्युटाडाइनचं उणे 100च्या आसपास, आणि स्टायरीन-ब्युटाडाइन या सर्रास वापरल्या जाणाऱ्या रबराचं मिश्रणानुसार उणे 50च्या आगेमागे.

मग टोरांटोच्या उणे 10 मध्ये काळजी कशाला? कारण कडकपणा त्या आकड्याच्या बराच आधीपासून चढायला लागतो. शिवाय रबराला वेळेचंही भान असतं. सोल बर्फावरून सरकू लागतो तेव्हा पृष्ठभागावरची प्रत्येक बारीक खरखर रबराला दाबते आणि सोडते. खरखर दशांश मिलिमीटरची आणि सरकण्याचा वेग सेकंदाला एक मीटर धरला, तर हे सेकंदाला दहा हजार वेळा घडतं. शेवयांना सरकायला सवडच मिळत नाही, आणि रबर प्रत्यक्षापेक्षा कितीतरी थंड असल्यासारखं वागतं. थंडीतलं रबर वेळेत पूर्ववत होत नाही हे जगाने पाहिलं 11 फेब्रुवारी 1986 रोजी. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी चॅलेंजर या अवकाशयानाच्या अपघाताच्या सुनावणीत रबरी कडीचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. सोडल्यावर तो लगेच फुलला नाही.

बर्फावर पकड मिळते ती रबर मऊपणे पसरून, पाण्याचा थर बाजूला सारून बर्फाला भिडलं तरच. कडक सोल त्या थरावर नुसता तरंगतो. उन्हाळी बुटांच्या टाचेला डांबरावर झिजू नये म्हणून कडक काळं कार्बन-रबर असतं. थंडीत पहिला दगा तेच देतं.

घरी तपासायची सोपी रीत आहे. बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. तिथे साधारण उणे 18 अंश असतात. सकाळी काढल्याबरोबर सोलच्या दात्यात नख रुतवा आणि चवड्याजवळ बूट वाकवा. नख रुतलं आणि दाता लगेच फुलून आला तर रबर ठीक. नख काचेवरून सरकल्यासारखं सरकलं तर तो बूट मार्चपर्यंत कपाटात राहू द्या. मधला फोमही याच वेळी कळतो: ईव्हीए या प्लास्टिकचा साधा फोम थंडीत चांगलाच कडक होतो, टीपीयू या दुसऱ्या प्लास्टिकचा फोम त्या मानाने मऊ राहतो.

टोरांटोतल्या पुनर्वसन संशोधन केंद्रात बर्फाची फरशी असलेली, कलती करता येणारी प्रयोगशाळा आहे. तिथे माणसं सुरक्षा-पट्ट्यांना अडकून त्या उतारावर चालतात आणि कितव्या अंशाला पाय सुटतो ते मोजलं जातं. उत्तीर्ण व्हायला 7 अंश लागतात. 2016 साली जाहीर झालेल्या पहिल्या तपासणीत 98 हिवाळी बुटांपैकी जेमतेम 9 टक्के तिथवर पोचले. ते चालायचे बूट होते, आणि 7 अंश म्हणजे घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, फक्त 0.12. सपाट जमिनीवर नेहमीसारखं चालायलाच 0.2च्या आसपास लागतो. त्यामुळे 'हिवाळी' या छापील शब्दावर विसंबू नये, आणि गुळगुळीत, ओल्या बर्फावर रबर कितीही चांगलं असलं तरी धावू नये.

तिथे लागतात ते धातूचे खिळे. टोकाखालची जागा दोन-तीन चौरस मिलिमीटर, त्यामुळे दाब इतका की बर्फ फुटतो आणि टोक आत शिरतं. टोक टंगस्टन कार्बाइडचं घ्यावं. पोलाद डांबरावर लवकर बोथटतं. जुन्या बुटांना घरीही खिळे लावता येतात: पत्र्याला लावायचे षट्कोनी डोक्याचे, 9 ते 10 मिलिमीटर लांबीचे स्क्रू, प्रत्येक बुटाला बारा. सात-आठ चवड्याच्या कडेने, बाकीचे टाचेच्या कडेने. स्क्रू रबराच्या जाड दात्यातच जायला हवा, नुसत्या फोममध्ये तो चार दिवसांत गळतो. हवेची पिशवी किंवा कार्बनची पट्टी असलेल्या बुटाला हा उद्योग करू नये. लावून झाल्यावर आतली गादी काढून हात फिरवा, टोक लागत नाही ना ते पाहा. मेट्रोच्या फरशीवर किंवा लोखंडी झाकणावर हेच खिळे बर्फापेक्षा वाईट घसरतात.

मऊ, ताज्या बर्फासाठी मात्र 4-5 मिलिमीटर खोल आणि एकमेकांपासून लांब असलेले दाते पुरतात. दाट दात्यांत बर्फ ठासून बसतो आणि सोल सपाट होतो.

आता वॉटरप्रूफ. आत पाणी अडवणारा पातळ पडदा असलेला बूट वरून येणारं पाणी अडवतो, पण घोट्यातून शिरलेलं पाणी तसंच धरून ठेवतो. शिवाय टोरांटोच्या फुटपाथवर मीठ टाकतात. मिठामुळे पाणी शून्याखालीही गोठत नाही, म्हणजे पायाखालची राड उणे 5 अंशांची असू शकते. अशा राडीत धावायचं तर पडदा हवा. कोरड्या थंडीत दाट विणीची जाळी पुरते.

ऊब मिळते ती अडकलेल्या हवेतून. पाणी उष्णता हवेच्या जवळपास पंचवीस पट वेगाने वाहून नेतं, म्हणून ओले राहणारे सुती मोजे नकोत, लोकरीचे घ्या, आणि तेच घालून बूट मापा. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी. दोन जाड मोजे कोंबले तर हवाही जाते आणि रक्तपुरवठाही आवळला जातो. मोज्यात तिखट घालण्याचा एक उपाय सांगतात, तो करू नका. तिखटातलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींना चाळवतं. मेंदूला गरम वाटतं, पाय तेवढाच गार असतो, आणि हिमदंशाची पहिली सूचना झाकली जाते.

घरी आल्यावर गादी काढा, वर्तमानपत्राचे बोळे आत भरा, तासाभराने बदला. बूट हीटरवर ठेवला तर फोम आक्रसतो आणि सोलचा गोंद सुटतो. मिठाचे पांढरे डाग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून ओल्या फडक्याने त्याच दिवशी पुसा.