खडपावरून फ्लोट लावून गरवणे

समुद्रकाठच्या खडपावर, म्हणजे पाण्यालगतच्या खडकांवर, उभे राहून, दोरीवरच्या तरंगत्या फ्लोटच्या आधाराने आमिष तळापासून थोडे वर टांगते ठेवायचे आणि मासा धरायचा, ही गरवण्याची एक पद्धत. ‘गरवणे’ म्हणजे गरीने, अर्थात गळाने, मासे पकडणे. हा शब्द कोकणात रोजच्या बोलण्यातला आहे. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या कड्यांवरून बांगड्याच्या जातीच्या माशांसाठी फ्लोट लावतात. जपानात खडकावरून फ्लोटने गरवणे हे स्वतंत्र शास्त्रच झाले आहे. या नोंदीत महाराष्ट्र आणि गोव्याच्या खडपाळ किनाऱ्यावरची पद्धत दिली आहे.

फ्लोट मासा लागल्याची खूण देतो, ही समज अर्धीच खरी आहे. त्याचे मुख्य काम आमिषाची खोली राखणे. खडपाच्या पायथ्याशी कपारी, कालवे (खडकाला चिकटलेले शिंपले) आणि धारदार कडा असतात. तिथे शिसे तळाला सोडले की दर दुसऱ्या फेकीला अडकते. मासा मात्र त्याच कपारींच्या तोंडाशी असतो. त्यामुळे आमिष तळाच्या हातभर वर लटकवणे हाच मार्ग उरतो.

जागा

उत्तर कोकणापासून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याचा खडक बहुतांशी काळा बेसॉल्ट आहे. हरिहरेश्वरला लाटांनी घासून काढलेला त्याचा सपाट शिलामंच पाहायला मिळतो. अशा मंचावर पाणी उथळ, म्हणून फ्लोटला त्याची बाहेरची कड शोधावी लागते. दक्षिणेकडे आणि गोव्यात हणजुणे, वागातोर इथे जांभ्याचे कातळ थेट पाण्यात उतरतात. जांभा छिद्रांचा, खरखरीत असतो. पायाला पकड देतो, पण तंगूस (गरीची नायलॉनची दोरी) कापतो.

चांगल्या जागेची लक्षणे तीन: पायाखाली किमान दोन-तीन मीटर पाणी, जवळपास फेसाची पट्टी, आणि मासा वर घेण्यासाठी लाटेपासून सुरक्षित पायरी. तिसरे लक्षण नसेल तर पहिली दोन असूनही जागा सोडावी. फेसाची पट्टी महत्त्वाची, कारण तिच्या आडोशाने मासे उथळात येतात आणि लाटेने सुटलेले खेकडे, शिंपले तिथेच गोळा होतात.

साहित्य आणि जुळणी

काठी 10 ते 12 फुटांची. आखूड काठीने दोरी खडकाच्या कडेपासून दूर धरता येत नाही. मुख्य तंगूस 0.30 ते 0.35 मिमीचा, गळाकडचा तुकडा 0.25 ते 0.28 मिमीचा आणि 45 ते 60 सेंमी लांब. हा तुकडा मुद्दाम कमजोर ठेवतात: गळ कपारीत अडकला तर तेवढाच तुटावा, फ्लोट आणि शिसे परत यावे. अनेक नवखे सगळीकडे एकच जाड तंगूस वापरतात आणि दर अडकणीला पूर्ण जुळणी घालवून बसतात.

पाणी काठीच्या लांबीपेक्षा खोल असेल तर फ्लोट दोरीवर सरकता हवा, नाहीतर तो फेकताच येत नाही. वरून खाली क्रम असा: स्टॉपर गाठ (फ्लोटला तिच्यावर सरकू न देणारी), बारीक मणी, फ्लोट, दुसरा मणी, शिसे, स्विव्हल (दोरीला पीळ बसू न देणारी फिरती कडी), गळाचा तुकडा, गळ. स्टॉपर गाठ वेगळ्या 15 सेंमी दोऱ्याची. मुख्य तंगुसाभोवती पाच-सहा वेढे घालून, थुंकीने ओली करून आवळायची. शेपट्या सेंटीमीटरभर ठेवाव्यात. अगदी आखूड कापल्या तर टोके ताठ राहतात आणि काठीच्या कड्यांत ठेचकाळतात. वरचा मणी विसरला तर गाठ फ्लोटच्या भोकातून आरपार जाते आणि आमिष थेट तळाला बसते. ही चूक लवकर लक्षात येत नाही, कारण फ्लोट पाण्यावर दिसत असतो.

फ्लोट 10 ते 20 ग्रॅम शिसे पेलणारा पुरतो. घरी करायचा तर बूच किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड चालते. थर्माकोल तुटतो आणि समुद्रात कचरा होतो. शिसे इतके हवे की फ्लोटचे फक्त रंगवलेले टोक पाण्याबाहेर राहील. शिसे कमी पडले तर फ्लोट आडवा डोलतो आणि मासा ओढायला लागला की त्याला फ्लोटचा विरोध जाणवतो. मासा आमिष सोडतो. तोलून पाहायचे ते समुद्राच्याच पाण्यात. खारे पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, त्यामुळे घरच्या बादलीत नेमका बसलेला फ्लोट खडपावर जरा उंच येतो.

खोली मोजणे

गळ बांधण्याआधी फ्लोटला बुडवील एवढे जास्तीचे शिसे लावून फेकावे. फ्लोट बुडाला तर पाणी गाठीच्या अंतरापेक्षा खोल आहे. गाठ अर्धा मीटर वर सरकवून पुन्हा फेकायचे. टोक पाण्यावर दिसू लागले की शिसे तळाला टेकले. त्या अंतरातून गळाच्या तुकड्याची लांबी आणि वर 30 ते 50 सेंमी वजा करायचे. कोणी वजाबाकी विसरला की गळ पहिल्याच फेकीत कपारीत जातो.

हे एकदा मोजून भागत नाही. मुंबईकडे उधाणाला पाणी चार मीटरच्या आसपास चढते-उतरते, गोव्यात दोन मीटरच्या. समजा भरती-ओहोटीचा फरक तीन मीटर आहे. ढोबळ हिशेबाने पहिल्या तासात पाणी 25 सेंमी चढते, दुसऱ्यात 50, तिसऱ्या आणि चौथ्यात 75-75, मग पुन्हा 50 आणि 25. म्हणजे मधल्या दोन तासांत दर वीस मिनिटांनी गाठ वीतभर वर न्यावी लागते. ‘सकाळी मासा लागत होता, मग बंद झाला’ या तक्रारीत बहुतेक वेळा मासा गेलेला नसतो. आमिष जिथल्या तिथे आणि पाणी दीड मीटर वर, एवढेच घडलेले असते. ओहोटीला उलटा हिशेब, आणि तो चुकला तर नुकसान गळाचे.

भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला साधारण बारा. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, म्हणून नेमक्या वेळेसाठी बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. फ्लोटसाठी उत्तम काळ म्हणजे भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचा पहिला. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीला, पाणी कमी हलते; खोली राखणे सोपे, पण मासाही सुस्त.

वारा

सकाळचे मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात आणि फ्लोट आपोआप बाहेर नेतात. दुपारी खारे वारे सुरू झाले की तोच फ्लोट परत खडपावर येऊन आपटतो. म्हणून पहाट ते दहा-अकरा ही वेळ. वाऱ्याने दोरीला पोट सुटते, त्यामुळे मासा ओढला तरी झटका गळापर्यंत पोचत नाही. काठीचे टोक खाली धरून पोट वारा येतो त्या बाजूला उचलून टाकावे लागते.

आमिष आणि मासे

सर्वांत भरवशाचे आमिष कोळंबी. जिवंत असेल तर शेपटीकडून गळ घालायचा, मेलेली असेल तर सोलून. गळ 1 ते 1/0 क्रमांकाचा. बोयसाठी पिठाची गोळी आणि 8 क्रमांकाचा लहान गळ. बोयचे तोंड नाजूक, म्हणून झटका न देता नुसते ताणायचे. टोळ हा लांब चोचीचा मासा पृष्ठभागाखाली मीटरभरात असतो आणि बांगड्याच्या पातळ पट्टीवर येतो. त्याची चोच हाडाची, गळ लवकर रुतत नाही. फ्लोट आडवा धावू लागला तरी तीन-चार सेकंद थांबावे. पालू गढूळ पाण्यात आणि संध्याकाळी, लहान खेकड्यावर.

तांबोशी आणि गोबरा यांची गोष्ट वेगळी. फ्लोट एकदम खाली गेला की पहिल्या दोन सेकंदांतच ताणून माशाला तळापासून उचलायचे. नाहीतर तेवढ्यात तो कपारीत घुसतो आणि गोबरा तर कल्ले फुगवून आत पाचर मारल्यासारखा बसतो. अशा वेळी जोर लावला तर तंगूस जातो. दोरी पूर्ण ढिली सोडून काही मिनिटे वाट पाहिली तर कधी कधी तो स्वतःच बाहेर येतो.

चारा टाकायचा तर किलोभर ओली वाळू, अर्धा किलो तांदळाचा कोंडा आणि पाव किलो कोळंबीची कुटलेली डोकी यांचे मुठीएवढे गोळे. वाळूमुळे गोळा बुडतो. प्रवाह ज्या बाजूने येतो त्या बाजूला टाकायचा. समोर टाकला तर मासे फ्लोटपासून दूर निघून जातात.

फ्लोट नुसता थरथरत असेल आणि गळ रिकामा येत असेल तर बारकी मासळी किंवा केंड (अंग फुगवणारा मासा). केंड दातांनी तंगूसही कापतो आणि विषारी असल्याने खाण्याचा नाही. तो आला की जागा बदललेली बरी. फ्लोट हळूहळू तिरका बुडत असेल तर शेवाळ किंवा खडक. फ्लोट अचानक आडवा पडला तर एक तर शिसे तळाला टेकले आहे, नाहीतर मासा आमिष घेऊन वर येतो आहे. दुसऱ्या शक्यतेसाठी लगेच ताणून पाहावे.

धोके

पोचल्यावर पंधरा-वीस मिनिटे नुसते पाहावे. मोठ्या लाटा गटाने येतात आणि मधला शांत काळ फसवतो. उभे राहायच्या जागेचा खडक ओला असेल तर लाट तिथवर येते, मग त्या क्षणी समुद्र कितीही निवांत दिसो. काळपट हिरव्या शेवाळावर रबरी चप्पल घालून जाणे सर्वांत वाईट. भरतीत पाठीमागची चर आधी भरते आणि माणूस समोर फ्लोटकडे पाहत बसलेला असतो. परतीची वाट ओहोटीतच पाहून ठेवावी. दूरच्या समुद्रातील वादळांनी उठलेल्या लाटा स्वच्छ हवेतही किनाऱ्यावर येतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था त्यांचे इशारे देते. जून ते सप्टेंबर खडपावर उतरू नये. मासा वर घेताना लाटेच्या फुगवट्याबरोबर तीन-चार मीटर दांड्याच्या जाळीत ओढायचा. त्याच्यासाठी खालच्या पायरीवर उतरायचे नाही.

शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि बाजूचा काटा विषारी असतो. लागल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे 45 अंश सेल्सिअस, अर्धा ते दीड तास धरावी आणि काटा आत मोडला असेल तर डॉक्टरकडे जावे. अडकलेली दोरी हाताला गुंडाळून ओढू नये. कापडात धरून, काठी सरळ रोखून मागे चालत जावे. तुटलेला तंगूस गोळा करून घरी आणायचा, कारण तो वर्षानुवर्षे कुजत नाही आणि पक्षी, कासवे त्यात अडकतात.

1 जून ते 31 जुलै ही पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारीबंदी यांत्रिक नौकांना लागू आहे. मालवणचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे गरी टाकण्यापूर्वी वनखात्याकडे विचारावे.