तरंगांचे अध्यारोपण

एकाच माध्यमातून दोन किंवा अधिक तरंग एकाच वेळी जात असता, माध्यमातील कोणत्याही बिंदूचे विस्थापन हे त्या तरंगांनी स्वतंत्रपणे घडवलेल्या विस्थापनांच्या सदिश बेरजेइतके असते. यास अध्यारोपणाचे तत्त्व म्हणतात. विस्थापने लहान असेपर्यंत ते लागू पडते. व्यतिकरण (तरंगांनी एकत्र येऊन एकमेकांना वाढवणे वा क्षीण करणे), विस्पंद (जवळजवळच्या वारंवारतांच्या ध्वनींमुळे आवाजात होणारा नियमित चढउतार) आणि स्थिर तरंग (पुढे न सरकता जागीच कंप पावणारे तरंग) ही सर्व याच तत्त्वाची रूपे असल्यामुळे परीक्षेसाठी सूत्रे पाठ करण्याआधी ते पक्के होणे अगत्याचे आहे.

ताणलेल्या दोरीवर डावीकडून वर उचललेला सममित स्पंद (एकच छोटा तरंग) आणि उजवीकडून तेवढाच, पण खाली झुकलेला स्पंद येत आहे, असे मानू. दोन्ही एकमेकांवर नेमके येतात तेव्हा दोरी क्षणभर सरळ दिसते, आणि अनेक विद्यार्थी येथेच ‘तरंग नष्ट झाले’ असे लिहून चुकतात. वस्तुतः त्या क्षणी मध्यबिंदूच्या उजवीकडचे कण वर, तर डावीकडचे कण खाली जात असतात. विस्थापन शून्य असले तरी ऊर्जा गतिज रूपात दोरीतच असते आणि तिच्याच बळावर दोन्ही स्पंद मूळ आकारात पुढे निघून जातात. दोन चेंडू आदळून मागे फिरतात तसे तरंगांचे होत नाही. आकृती काढताना दोन्ही स्पंद आधी तुटक रेषांनी दाखवून प्रत्येक बिंदूशी चिन्हासह बेरीज करणे, हीच सर्वांत भरवशाची रीत होय.

प्रकाशाच्या व्यतिकरणाची कल्पना टॉमस यंग यांनी 1801 मध्ये मांडली. ध्वनीच्या बाबतीत, 20 अंश सेल्सियस तापमानाच्या हवेत वेग सुमारे 343 मीटर प्रतिसेकंद असल्याने 343 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी 1 मीटर भरते. समान कलेत, म्हणजे एकाच वेळी एकाच दिशेने, कंप पावणाऱ्या दोन ध्वनिक्षेपकांपासूनच्या अंतरांत अर्ध्या मीटरचा फरक असेल तेथे आवाज क्षीण होतो, तर पूर्ण मीटरचा फरक असेल तेथे तो वाढतो. समान आयामाचे (कमाल विस्थापनाचे) तरंग जुळले की आयाम दुप्पट आणि तीव्रता चौपट होते. ही जादा ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही, तर क्षीण जागी कमी पडलेली ऊर्जा इकडे आलेली असते. 256 आणि 260 हर्ट्झचे ध्वनी एकत्र आल्यास सेकंदाला 4 विस्पंद ऐकू येतात.

स्थिर तरंगांत लगतच्या दोन निस्पंद बिंदूंमधील (जेथे विस्थापन सदैव शून्य असते अशा बिंदूंमधील) अंतर अर्ध्या तरंगलांबीइतके असते. ते पूर्ण तरंगलांबी समजणे ही नेहमीची चूक आहे. दोन्ही टोके बांधलेली 1.2 मीटर लांबीची दोरी 60 हर्ट्झला तीन वेटोळ्यांत (लगतच्या निस्पंद बिंदूंमधील भागांत) कंप पावत असेल, तर प्रत्येक वेटोळे 0.4 मीटरचे, तरंगलांबी 0.8 मीटर आणि तरंगाचा वेग 48 मीटर प्रतिसेकंद येतो.