‘नोकरी काहून पाहिजे?’ आणि ‘तुलेच काहून घ्यावं?’

आमच्या तालुक्यातल्या एका अभ्यासिकेत मी दर रविवारी दुपारी पोरापोरींच्या सराव मुलाखती घेतो. मागच्या महिन्यात आयटीआय झालेला एक मुलगा समोर बसला. वायरमन-इलेक्ट्रिशियनचं काम शिकलेला, नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात मुलाखत होती. मी विचारलं, ‘तुम्हाला ही नोकरी का करायची आहे?’ तो म्हणाला, ‘सर, घरची परिस्थिती बेताची आहे. वडिलांकडे तीन एकर कोरडवाहू. मी मेहनती आहे.’ इकडचेतिकडचे चार प्रश्न झाले आणि मी विचारलं, ‘बरं, आम्ही तुम्हालाच का घ्यावं?’ तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, ‘सर, घरची परिस्थिती बेताची आहे…’

त्यात खोटं काहीच नव्हतं. मला त्याचं घर माहीत आहे. पण दोन प्रश्नांना एकच उत्तर गेलं, आणि ते दोन्हींपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. हे त्या एकट्याचं नाही. माझ्यासमोर बसणारी दहातली सात-आठ पोरं हेच करतात, म्हणून हे दोन प्रश्न शेजारीशेजारी ठेवून नीट सांगतो.

‘ही नोकरी का हवी?’ असं विचारणाऱ्याच्या मनात असतं: हा टिकेल का? ‘तुम्हालाच का घ्यावं?’ असं विचारणाऱ्याच्या मनात असतं: याला जमेल का?

आपल्याकडे हे दोन्ही प्रश्न पिढ्यान् पिढ्या विचारले जातात. गुढीपाडव्याला सालगड्याचं साल ठरतं तेव्हा ओट्यावर काय बोलणं होतं ते आठवा. मालक विचारतो, ‘मागच्या मालकाकडून काहून निघाला?’ ‘बायको-लेकरं इथंच राहतीन ना?’ त्याला भीती असते की ऐन सोयाबीन काढायच्या वेळी नाहीतर कापूस वेचणीच्या तोंडावर गडी निघून जाईल. हा झाला टिकण्याचा प्रश्न. मग तो विचारतो, ‘डवरणी येते? फवारणीचा पंप चालवतं? रातच्या ओलिताले एकटा जाशीन?’ हा जमण्याचा प्रश्न. गड्याला पैशाची गरज आहे का, हे मालक कधीच विचारत नाही. गरज नसती तर तो ओट्यावर आलाच नसता. कंपनीच्या एसी खोलीतही तेच आहे. बाहेर बाकड्यावर बसलेल्या पंधराही जणांना नोकरीची गरज आहे, त्यामुळे गरज सांगून पंधरांतून एक निवडता येत नाही.

मग आमची पोरं इथे का अडकतात? मला याचं एक कारण स्पष्ट दिसतं. गावातली पोरं वर्षानुवर्षं ज्या भरतीची तयारी करतात, तिथे मुलाखतच नसते. पोलीस भरतीत 50 गुणांची मैदानी आणि 100 गुणांची लेखी. तलाठी भरतीत 200 गुणांची ऑनलाइन परीक्षा. केंद्र सरकारने तर 1 जानेवारी 2016 पासून गट ‘क’ आणि ‘ड’च्या पदांसाठी मुलाखत बंदच केली. बँकेत क्लार्कला मुलाखत नाही, पीओला म्हणजे अधिकाऱ्याच्या जागेला आहे. पहाटे साडेचारला डांबरी रोडवर 1600 मीटर धावणारा आमचा मुलगा पंचविशीपर्यंत एकदाही कोणासमोर बसून स्वतःबद्दल पाच वाक्यं बोललेला नसतो. मग वय सरत येतं, खासगी नोकरीचा अर्ज भरला जातो आणि पहिल्यांदाच कोणीतरी डोळ्यांत बघून विचारतं, ‘का?’

इंग्रजीत विचारलं तर घोटाळा आणखी वाढतो. ‘व्हाय डू यू वॉन्ट धिस जॉब’ आणि ‘व्हाय शुड वुई हायर यू’. दोन्हींची सुरुवात ‘व्हाय’ने. पोरगा ‘व्हाय’ ऐकतो आणि पाठ केलेलं सुरू करतो. त्यामुळे मी सांगतो की वाक्य शेवटपर्यंत ऐका आणि बोट कुठे ठेवलंय ते बघा. बोट नोकरीवर, कामावर, कंपनीवर असेल तर टिकण्याचं उत्तर द्या. बोट तुमच्यावर असेल तर जमण्याचं.

आता पहिला प्रश्न. इथे उत्तरात तीन गोष्टी आल्या की पुरे: हे काम नेमकं काय आहे हे मला कळलंय, त्यातलं काय मला आवडतं किंवा शिकायचंय, आणि त्यात जी अडचण आहे ती मी विचारात घेतली आहे. तिसरी गोष्ट बहुतेक जण सोडतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यात वजनदार आहे. रात्रपाळी आहे, गाव सोडून खोली करून राहायचं आहे, ऊन-पावसात दुचाकीवर फिरायचं आहे. ‘पाळी आलटून-पालटून असते हे मी विचारून घेतलंय, माझा मामेभाऊ तिथे जवळच खोली करून राहतो, मी त्याच्यासोबत राहणार आहे.’ एवढ्या एका वाक्याने समोरच्याची निम्मी काळजी जाते. गावाकडची पोरं दोन महिन्यांत परत जातात हा त्यांचा अनुभव असतो, दिवाळीला गेलेला परत येत नाही हेही त्यांनी पाहिलेलं असतं.

घरची परिस्थिती सांगायचीच नाही का? सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण एका वाक्यात, याच प्रश्नात, आणि टिकण्याशी जोडून सांगा: ‘घरात पगार आणणारा मी पहिला असेन, त्यामुळे हातची नोकरी सोडून इकडेतिकडे जाणं मला परवडणारं नाही.’ आता तीच गरज समोरच्याच्या प्रश्नाला उत्तर देते. हात जोडून सांगितली असती तर तिने फक्त दया मागितली असती.

एक वाक्य मात्र मी सगळ्यांच्या तोंडातून काढायला लावतो: ‘सर, शेतीत काही राहिलं नाही.’ खरं असेल, आपण सगळे ते भोगतोय. पण त्यातून तुम्ही कुठून निघताय तेवढंच कळतं, कुठे यायचंय ते कळत नाही. बियाण्याच्या, खताच्या, ट्रॅक्टरच्या कंपनीत बसून हे बोललात तर समोरच्याचा धंदाच शेतीवर आहे.

दुसऱ्या प्रश्नाला जास्त वेळ देतो, कारण तिथे पोरांकडे माल भरपूर असतो आणि तो घरीच ठेवून येतात.

‘मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, वेळेचा पक्का आहे.’ हे शब्द सगळेच म्हणतात. बाजार समितीत कोणी ‘माझा कापूस चांगला’ म्हटलं म्हणून भाव मिळत नाही. व्यापारी गाठोड्यात हात घालतो, मूठभर कापूस काढतो, धागा ओढून बघतो. तुमच्या बोलण्यातही त्याला ओढून बघता येईल असा एक धागा पाहिजे. एक घडलेली गोष्ट, तुमच्या हातून झालेली.

त्या इलेक्ट्रिशियन मुलाला मी विचारलं, गावात काय करतोस? ‘काही नाही सर, घरीच असतो.’ मग हळूहळू निघालं. गावात कोणाचीही विहिरीवरची मोटर बंद पडली की यालाच बोलावतात. मागच्या रब्बीत रात्री लाइन आल्यावर एका काकांची मोटर नुसती गुणगुणत होती, फिरत नव्हती. काका स्टार्टर पुन्हा पुन्हा दाबत होते. याने आधी त्यांचा हात धरला आणि स्टार्टर बंद केला. टेस्ट लॅम्पने तिन्ही फेज तपासले, एक येत नव्हता. डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज गेला होता. अशा वेळी मोटर तशीच चालू ठेवली की उरलेल्या फेजवर करंट वाढतो, वाइंडिंग तापतं आणि जळतं. त्याने सकाळी लाइनमनला बोलावून फ्यूज टाकून घेतला, स्वतः डीपीला हात लावला नाही. मोटर वाचली. रिवाइंडिंगचा खर्च वाचला आणि गव्हाची पाळी चुकली नाही.

मी त्याला म्हटलं, हेच सांगायचं. कारखान्यातल्या इंजिनिअरला यात तीन गोष्टी ऐकू येतात: याला बिघाड शोधता येतो, हा घाईत यंत्र जाळत नाही, आणि जिथे परवानगी नाही तिथे हात घालत नाही. तिसरी गोष्ट ऐकून तर सुरक्षा अधिकारी खूश होतो. यातला एकही शब्द ‘मेहनती’ नाही, तरी सगळं कळलं.

तो म्हणाला, ‘पण सर, हे तं गावातलं आहे. ह्याले अनुभव म्हणते का?’ हो, म्हणतात. सर्टिफिकेट नसलेलं कामही काम असतं, फक्त ते नीट सांगावं लागतं: कधी, काय बिघडलं, तू काय केलंस, शेवटी काय झालं. सगळं मिळून एक मिनिट, जास्तीत जास्त दीड.

हे मी एवढं जीव तोडून सांगतो त्याला कारण आहे. 2009 साली कृषी पदवी घेऊन मी एका खासगी कंपनीच्या मुलाखतीला गेलो होतो. ‘तुम्हालाच का घ्यावं’ म्हटल्यावर मी बोललो, मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, शेतकऱ्यांचं दुःख मला कळतं. समोरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘बाहेर बसलेले सगळेच शेतकऱ्यांची मुलं आहेत. तुम्ही काय केलंय?’ मला काही सुचलं नाही. परतीच्या एसटीत आठवलं. शेवटच्या वर्षी गावात राहून काम करायचं असतं, तेव्हा मी तुरीत किडीचे पतंग वासाने ओढून पकडणारे कामगंध सापळे लावून कित्येक आठवडे रोज सकाळी पतंग मोजले होते, आकडे वहीत उतरवले होते, आणि ते बघूनच फवारणी कधी करायची हे दोन शेतकऱ्यांना सांगितलं होतं. ती वही घरी ट्रंकेत होती आणि मुलाखतीत तिचा उल्लेखसुद्धा झाला नाही. आज मी स्वतः फील्डवरच्या पोरांच्या निवडीला बसतो, तेव्हा समोरच्याकडे अशी वही असेल का, हे खोदून विचारतो. पण सगळे असं खोदून विचारत नाहीत.

बाकीचे नेहमीचे प्रश्नही याच दोन घरांतले आहेत. ‘पाच वर्षांनी कुठे असाल’, ‘आधीची नोकरी का सोडली’, ‘आमच्या कंपनीबद्दल काय माहीत आहे’ हे टिकण्याचे. ‘तुमची जमेची बाजू’, ‘एखादा अवघड प्रसंग सांगा’ हे जमण्याचे. ‘स्वतःबद्दल सांगा’ यात दोन्ही थोडं थोडं असतं. तिथे दहावीपासूनचे टक्के मोजत बसू नका, ते त्यांच्या हातातल्या कागदावर आहेत.

आणि भाषेचं. इंग्रजी येत नसेल तर सुरुवातीलाच एकदा विचारा, ‘मराठीत बोललो तर चालेल का?’ बहुतेक ठिकाणी चालतं. वऱ्हाडी लपवायच्या नादात काही पोरं इतकी घाबरतात की जे येतं तेही विसरतात. ‘मला’ म्हणायची सवय करा, पण एखादं ‘मले’ निसटलं तर ते दुरुस्त करायला मागे वळू नका. मोटरची गोष्ट तशीच पुढे न्या.

शेवटी एक बारीक गोष्ट, जी मलाही अलीकडेच एका मुलीमुळे नीट कळली. बीकॉम झालेली, आईच्या बचत गटाचे लेखे हीच लिहिते. गटाची पंचसूत्री तिला तोंडपाठ: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे. एका सूक्ष्म कर्ज देणाऱ्या संस्थेत फील्डच्या जागेसाठी मुलाखत होती. मी तिला वहीची दोन पानं करायला सांगितली, डाव्या पानावर ‘टिकशील का’, उजव्यावर ‘जमेल का’. तिने लिहिलं आणि गोंधळून विचारलं, ‘सर, मी याच तालुक्यातली आहे हे कोणत्या पानावर लिहू? दोन्हीकडे बसते ना.’

बसतं. डाव्या पानावर त्याचा अर्थ असा: मी घरून स्कूटीवर येणार, लायसन्स आहे, खोलीचं भाडं नाही, आईवडील जवळ आहेत, मी जाणार नाही. उजव्या पानावर तेच वाक्य असं होतं: या भागात कापसाचा पैसा हातात कधी येतो आणि कोणत्या महिन्यात हात रिकामा असतो हे मला माहीत आहे, त्यामुळे हप्ता का थकला ते मी बाईच्या अंगणात बसून समजून घेऊ शकते. गटात एका काकूंचा हप्ता थकला तेव्हा तिने नेमकं तेच केलं होतं. सगळ्यांसमोर बैठकीत न विचारता संध्याकाळी घरी गेली, तूर विकेपर्यंत निम्मा हप्ता ठरवला आणि लेखे वहीत तारखेसह नोंदवला.

तिने दोन्ही पानांवर ते लिहिलं, वेगवेगळ्या वाक्यांत. मग वही मिटून माझ्याकडे दिली आणि म्हणाली, ‘आता विचारा, कोणताही आधी.’