शिकाऊ उमेदवारी

करारनामा करून एखाद्याला प्रत्यक्ष कामावर धंदा शिकवण्याची पद्धत. भारतात ती शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 नुसार चालते. 2014 ची दुरुस्ती आणि 2019 चे सुधारित नियम मालकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहेत.

या पद्धतीचे मूळ स्मृतिग्रंथांत शोधले जाते. शिल्प लवकर अवगत झाले तरी अंतेवासीने (गुरूकडे राहून शिकणाऱ्या शिष्याने) ठरलेली मुदत गुरुगृही काढावी, जेवण गुरूकडून घ्यावे आणि कमाई त्याला द्यावी, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. गुरूने त्याला पुत्रवत वागवावे, शिक्षणाबाहेरच्या कामाला जुंपू नये, असा नारदस्मृतीचा दंडक आहे. तथापि आजच्या कायद्याची वंशावळ 1850 च्या 19 व्या अधिनियमापर्यंत नेणे सयुक्तिक ठरेल. त्यानुसार अनाथ व गरीब मुलांना 10 ते 18 या वयात कमाल 7 वर्षांसाठी धंद्याला बांधून देता येई. सात वर्षांची ही मुदत इंग्लंडच्या 1563 च्या कायद्याशी जुळते. 1961 च्या अधिनियमाने 1850 चा कायदा रद्द केला.

30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घेणे सक्तीचे असून 4 ते 29 माणसे असल्यास ते ऐच्छिक आहे. प्रमाण एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के. या संख्येत कंत्राटी कामगारही धरायचे असतात, आणि बहुतेक हिशेब इथेच चुकतात. 140 कायम व 60 कंत्राटी माणसे असतील तर किमान 5 व कमाल 30 शिकाऊ घ्यावे लागतात. फक्त कायम कामगार मोजल्यास किमान संख्या 4 निघते आणि एक जागा कमी भरते.

उमेदवाराचे वय किमान 14, धोकादायक धंद्यांत 18. अल्पवयीन उमेदवाराच्या वतीने पालक करार करतो. कराराचा तपशील 7 दिवसांत शासकीय पोर्टलवर भरावा लागतो. 2019 च्या नियमांनुसार किमान मासिक विद्यावेतन दहावी उत्तीर्णास 6,000, आयटीआय प्रमाणपत्रधारकास 7,000 व पदवीधरास 9,000 रुपये ठरले असून दुसऱ्या वर्षी त्यात 10 टक्के वाढ होते. ते पुढील महिन्याच्या 10 तारखेपर्यंत द्यावे; किती नग तयार केले यावर मोजून कधीही देऊ नये. शिकाऊ हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. मात्र कारखान्यातील सुरक्षा-आरोग्याच्या तरतुदी आणि अपघाताची भरपाई त्यालाही लागू आहे. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (या कायद्याखालील शासकीय अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय त्याला ओव्हरटाइम देता येत नाही.

नवख्याला आधी मूलभूत प्रशिक्षण द्यावे लागते. आयटीआय झालेला थेट शॉप फ्लोअरवर येऊ शकतो. फिटरचे शिक्षण कानस, करवत व आखणी यांपासून सुरू करावे. कानस मारलेला पृष्ठभाग गुण्याला (काटकोन तपासायच्या साधनाला) लावून उजेडात पाहायचा. कडेखालून प्रकाश दिसला तर काम पुन्हा. सपाटी जमण्याआधी ड्रिलिंगला बसवलेल्या मुलाची आखणीच चुकते, कारण मोजायला त्याच्याकडे खरी कड नसते. एम 10 च्या (10 मिमी व्यासाच्या) नेहमीच्या आट्यासाठी 8.5 मिमी भोक लागते. ते 8 मिमी पाडले तर टॅप (आटे पाडायचे हत्यार) अडकून मोडतो. टॅप सरळ धरावा, अर्धा-पाऊण फेरा पुढे नेऊन थोडा मागे फिरवावा, म्हणजे कीस तुटतो. प्रत्येक कामाची नोंद त्याच दिवशी वहीत होऊन पर्यवेक्षकाची सही व्हावी. महिनाअखेरीस एकदम भरलेल्या वहीवरून मुलाला काय येते ते कळत नाही.

सर्वांत मोठे नुकसान एकाच मशिनवर वर्ष काढायला लावल्याने होते. उत्पादन निघते, पण अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेत ड्रॉइंग वाचन व कार्यशाळा गणितात तोच मुलगा मागे पडतो. म्हणून विभागबदलीचे वेळापत्रक करारासोबतच आखावे आणि वर्गातील तासांसाठी आठवड्यातील वेळ राखून ठेवावा. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. शिकाऊंना पुढे नोकरीत घेण्याचे धोरण 2014 च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक मालकाने स्वतः आखायचे असते.