उन्हाळी वेळ आणि नागपूर

उन्हाळी वेळ : उन्हाळ्याच्या तोंडाशी घड्याळे सहसा एक तास पुढे करून थंडीपूर्वी ती पुन्हा मागे आणण्याची पद्धत. भारतात ती सध्या रूढ नाही.

तिच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. हा मान बेंजामिन फ्रँक्लिन यांना देण्याचा प्रघात असला, तरी त्यांच्या १७८४ मधील विनोदी पत्रात पॅरिसकरांनी पहाटे उठून मेणबत्त्या वाचवाव्यात एवढेच आहे. घड्याळाला हात लावण्याची सूचना नाही. इंग्लंडमधील विल्यम विलेट यांची पुस्तिका १९०७ ची. न्यूझीलंडचे जॉर्ज हडसन यांना मात्र नोकरीनंतर कीटक गोळा करण्यासाठी उजेड हवा होता व दोन तासांचा बदल त्यांनी १८९५ मध्येच मांडला. अग्रमान त्यांनाच देणे सयुक्तिक वाटते. जर्मनीने १९१६ मध्ये कोळसा वाचवण्यासाठी ती देशभर लागू केली.

नागपूर सुमारे ७९° पूर्व रेखांशावर, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेच्या ८२.५° रेखांशाच्या पश्चिमेस असल्याने येथील मध्यान्ह सरासरी १२ वाजून १४ मिनिटांच्या आसपास येते. २६ मेच्या सुमारास सूर्य थेट माथ्यावर येतो, तेव्हा झिरो माईलच्या खांबाची सावली १२.१० च्या आगेमागे पायथ्याशी गोळा होते. युद्धकाळात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, देशाचे घड्याळ तासभर पुढे होते. त्या काळी हाच क्षण १.१० ला येई.

लंडनमध्ये सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसात जवळजवळ नऊ तासांचा फरक पडतो; नागपुरात तो अडीच तासांचाच आहे. शिवाय येथे वाचवायचे ते ऊन नव्हे, उन्हापासून माणूस. मे अखेरीस सूर्य ६.५० च्या सुमारास मावळतो. घड्याळ पुढे केल्यास ७.५० ला मावळेल, आणि तापलेली गच्ची निवायच्या आत निजायची वेळ होईल. घड्याळ न हलवता कामच पहाटेकडे सरकवणे, जसे सकाळच्या शाळेत होते, हे विदर्भाला अधिक मानवणारे आहे.

प्रमाणवेळ कायमची अर्धा तास पुढे न्यावी, असे बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतील अभ्यासकांनी वीजबचतीसाठी सुचवले होते. हा प्रश्न वेगळा असला, तरी जानेवारीत नागपुरात सूर्योदय ६.५० नंतर होतो, तो ७.२० वर गेल्यास सातच्या शाळेची मुले अंधारातच घराबाहेर पडतील.