बाऊल मिळाला की प्लेऑफ गाठली?

घरातलं कुणी अमेरिकेत शिकायला गेलं की डिसेंबरात एखाद्या रविवारी फोनवर आनंदाची बातमी येते : "आमच्या युनिव्हर्सिटीला बाऊल मिळाला!" इकडे आईबाबांना वाटतं, युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल संघाने कप जिंकला. मग कळतं, सामना अजून व्हायचाय. तो जिंकला तरी देशाचं विजेतेपद मिळणार नाही, कारण त्यासाठी प्लेऑफ नावाची वेगळी स्पर्धा आहे. आणि त्या प्लेऑफचे सामनेसुद्धा रोझ बाऊल, कॉटन बाऊल अशा नावांनीच होतात. गोंधळ उडाला तर त्यात नवल नाही.

हा गुंता सोडवायला २०२४ चा हंगाम फार उपयोगी पडतो. ३० नोव्हेंबरला मिशिगनने ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानावर, कोलंबसमध्ये, १३-१० असं हरवलं. या दोन विद्यापीठांचं हाडवैर शंभर वर्षांहून जुनं आहे. पण नियमित हंगाम संपला तेव्हा मिशिगनच्या खात्यात ७ विजय आणि ५ पराभव होते, तर ओहायो स्टेटच्या खात्यात १० आणि २. मिशिगनला फ्लोरिडातल्या टँपा शहरातून रिलायाक्वेस्ट बाऊलचं बोलावणं आलं. ३१ डिसेंबरला त्यांनी तिथे अलाबामाला १९-१३ हरवलं, करंडक उंचावला आणि सगळे घरी गेले. हंगाम तिथेच संपला.

ओहायो स्टेटला मात्र प्लेऑफमध्ये जागा मिळाली होती. आधी घरच्या मैदानावर टेनेसी, मग १ जानेवारीला पासाडेनाच्या रोझ बाऊलमध्ये तोवर अपराजित असलेला ऑरेगन, मग कॉटन बाऊलमध्ये टेक्सास, आणि २० जानेवारी २०२५ ला अटलांटात नोटर डेम. चारही सामने जिंकून ते राष्ट्रीय विजेते झाले. ज्यांना मिशिगनने हरवलं, तेच!

बाऊल हे आमंत्रण आहे. प्लेऑफ ही बाद फेरी आहे. आपल्याकडच्या कुस्तीतून पाहिलं तर लगेच उमगतं. गावच्या जत्रेत यात्रा कमिटी पैलवानांना बोलावते, जोड लावते, इनाम ठरवते. ती कुस्ती मारली की इनाम तुमचं आणि फड तिथेच संपतो. महाराष्ट्र केसरीची गदा हवी असेल, तर फेरीमागून फेरी मारत जावं लागतं. मिशिगनने जत्रेतली कुस्ती मारली, ओहायो स्टेटने गदा नेली.

जत्रेची उपमा मी उगाच घेतलेली नाही. बाऊलचा जन्मच उत्सवातून झाला. पासाडेना हे कॅलिफोर्नियातलं शहर. पूर्वेकडे बर्फ पडत असताना आपल्याकडे गुलाब फुलतात हे जगाला दिसावं, म्हणून तिथे १८९० पासून नववर्षदिनी फुलांची मिरवणूक निघू लागली. तिच्या खर्चाला हातभार लागावा म्हणून १ जानेवारी १९०२ ला फुटबॉलचा सामना ठेवला. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं धुतलं. आठ मिनिटं बाकी असतानाच स्टॅनफर्डने खेळ सोडला. सामना इतका एकतर्फी झाला की आयोजकांनी फुटबॉल बंद करून पुढे चक्क रथांच्या शर्यती भरवल्या. फुटबॉल परतला तो १९१६ मध्ये. १९२२ मध्ये तिथे स्टेडियम उभं राहिलं. येल विद्यापीठाचं मैदान खोलगट वाडग्यासारखं होतं, म्हणून त्याला येल बाऊल म्हणत. त्याच धर्तीवर हे झालं रोझ बाऊल. मैदानाचं नाव सामन्याला चिकटलं आणि मग अशा प्रत्येक सामन्यालाच बाऊल म्हणू लागले. १९३५ मध्ये मायामीत ऑरेंज बाऊल आणि न्यू ऑर्लिन्सला शुगर बाऊल, १९३७ मध्ये डॅलसला कॉटन बाऊल. संत्रं, साखर, कापूस : ज्या मुलखात जे पिकतं, त्याचं नाव. मला ही जुनी नावं फार आवडतात.

(सुपर बाऊलचा यातल्या कशाशीच थेट संबंध नाही. तो व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, १९६७ पासूनचा. त्याने फक्त 'बाऊल' हा शब्द कॉलेजांकडून उचलला.)

मग विजेता कसा ठरायचा? मतांनी. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९३६ पासून क्रीडापत्रकारांची मतं घेऊन क्रमवारी लावते. पुढे प्रशिक्षकांचीही वेगळी क्रमवारी सुरू झाली. कित्येक वर्षं पत्रकारांचं शेवटचं मतदान बाऊलच्या आधीच उरकलं जाई. म्हणजे विजेता ठरल्यावर बाऊल खेळला जायचा! १९९७ च्या हंगामात पत्रकारांनी मिशिगनला आणि प्रशिक्षकांनी नेब्रास्काला पहिलं ठरवलं. दोघेही अपराजित, पण एक रोझ बाऊलला गेला, दुसरा ऑरेंज बाऊलला. समोरासमोर गाठ पडलीच नाही. यावर उपाय म्हणून १९९८ पासून पहिल्या दोन संघांना भिडवण्याची पद्धत आली, २०१४ मध्ये चार संघांची प्लेऑफ आली आणि २०२४ पासून ती बारा संघांची झाली.

खरी गल्लत इथून पुढची. प्लेऑफवाल्यांनी नवे सामने न काढता जुने सहा बाऊल वापरायला घेतले : रोझ, शुगर, ऑरेंज, कॉटन, फिएस्टा आणि पीच. बारा संघांच्या प्लेऑफमध्ये पहिली फेरी विद्यापीठांच्या मैदानांवर होते, उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरी या सहांमध्ये. अंतिम सामना मात्र कुठलाच बाऊल नसतो. बाकीचे तीसेक बाऊल पूर्वीसारखेच निमंत्रणाचे. बारापैकी सहा सामने जिंकले की संघ साधारणपणे पात्र.

प्लेऑफमुळे मैदानावर निकाल लागतो, हे न्यायाचंच झालं. पण त्याची किंमत बाऊल मोजतायत. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटने १३ पैकी १३ सामने जिंकले. त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाची चढाई चालवणारा खेळाडू, जायबंदी झाला होता आणि निवड समितीने त्यांना चौघांत घेतलं नाही. त्याऐवजी मिळाला ऑरेंज बाऊल, ज्यासाठी एके काळी संघ जीव टाकत. अनेक खेळाडू उतरलेच नाहीत आणि जॉर्जियाने ६३-३ असा धुव्वा उडवला. डिसेंबर २०२५ मध्ये प्लेऑफची जागा हुकल्यावर नोटर डेमने बाऊल खेळायलाच नकार दिला.

व्यावसायिक लीगकडे डोळे लागलेला खेळाडू दुखापत टाळायला बाऊल सोडतो, हे मी समजू शकतो. पूर्ण संघाने पाठ फिरवली की मात्र मला वाईट वाटतं. बाऊल मिळाला की आणखी काही आठवडे सराव मिळतो, वर्षभर बाकावर बसलेल्या मुलाला अंगावर धूळ घेता येते. आणि शेवटच्या वर्षाच्या बहुतेक मुलांचा तर तो आयुष्यातला अखेरचा फुटबॉल सामना असतो, मग तो टँपात असो नाहीतर बर्फाळ आयडाहोत.