व्यायामाचे शरीरक्रियाविज्ञान

शारीरिक श्रम चालू असताना स्नायू, हृदय, फुप्फुसे, चेतासंस्था, त्वचा आणि अंतःस्रावी ग्रंथी यांच्या कामात होणारे तात्पुरते बदल, तसेच तेच श्रम महिनोन्महिने नेमाने केल्यावर शरीरात मुरणारे टिकाऊ बदल, यांचा अभ्यास करणारी शरीरक्रियाविज्ञानाची शाखा. बसल्या जागी निरोगी आणि आजारी हृदय पुष्कळदा सारखेच दिसते. राखीव ताकद किती, हे ताण दिल्याशिवाय कळत नाही. हृदयविकाराच्या तपासणीत माणसाला ट्रेडमिलवर चालवतात ते त्यासाठीच.

बडोद्याला व्यायामाची परंपरा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेला आणि पुढे राजरत्न प्रा. माणिकरावांनी नावारूपाला आणलेला जुम्मादादांचा आखाडा दांडिया बाजारात आहे. माणिकराव हाडे बसवण्यातही नावाजलेले होते. जोर, बैठका, मल्लखांब, कुस्ती ही त्या परंपरेतली साधने आणि त्यांच्या जोडीला सयाजीबागेतली सकाळची फेरी, पावागडची चढण आणि नवरात्रातला गरबा. पुढची बरीचशी उदाहरणे यांतूनच घेतली आहेत.

ऊर्जा : स्नायूला थेट चालणारे इंधन एकच, एटीपी (ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट) हा रेणू. स्नायूत त्याचा साठा दोन-तीन सेकंदांच्या जोरकस कामापुरताच असतो, त्यामुळे ते सतत नव्याने बनवावे लागते. बनवण्याचे मार्ग तीन. पहिला क्रिएटिन फॉस्फेटचा : झटपट, पण साधारण 10 सेकंदांत संपणारा. कुस्तीत समोरच्याला उचलून टाकताना हाच उपयोगी पडतो. तो पुन्हा जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात, त्यामुळे जड वजन उचलणारा दोन फेऱ्यांमध्ये तीन मिनिटे बसला तर त्याला आळशी म्हणण्याचे कारण नाही. दुसरा मार्ग ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज फोडण्याचा. वेग चांगला, पण एका ग्लुकोज रेणूतून हाती लागतात अवघे दोन एटीपी. 400 मीटरची धाव किंवा एका दमात मारलेल्या पन्नास बैठका बऱ्याच अंशी यावर निघतात. तिसरा मार्ग पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रिया) ऑक्सिजनच्या साहाय्याने चालतो. तो सावकाश आहे, पण त्याच एका ग्लुकोजमधून 30 ते 32 एटीपी देतो आणि चरबीही जाळू शकतो. हे तीन मार्ग एकामागून एक सुरू होतात असे पुष्कळ जण धरून चालतात. प्रत्यक्षात तिन्ही एकदमच चालू असतात, श्रमाच्या तीव्रतेनुसार त्यांचा वाटा तेवढा बदलतो.

साठ्यांचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. स्नायूंत मिळून 300 ते 500 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले ग्लुकोज, असते, यकृतात 80 ते 100 ग्रॅम. जोरात धावणाऱ्याला हे दीड-दोन तास पुरते. मग पाय जड होतात, डोके सुन्न होते. चरबी मात्र सडपातळ माणसाकडेही कित्येक दिवसांची असते, फक्त ती सावकाश जळते. सयाजीबागेत चाळीसेक मिनिटे झपाझप चालणारा 70 किलोचा माणूस साधारण 200 किलोकॅलरी खर्च करतो. बागेबाहेर पडून पावासकट शेवउसळ हाणली की जमाखर्च उलटा फिरतो. वजन उतरत नाही म्हणणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा या दुसऱ्या बाजूलाच असते.

स्नायू आणि बळ : मेंदूकडून आलेला संदेश एका चेतापेशीमार्फत तिच्या ताब्यातल्या सगळ्या स्नायुतंतूंना एकदम मिळतो. हलक्या कामाला आधी छोटी, न थकणारी, संथ तंतूंची पथके कामाला लागतात. भार वाढत जाईल तशी मोठी, चपळ आणि लवकर दमणारी पथके त्यांना येऊन मिळतात. नवशिक्याचे बळ पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते, पण दंडाचा घेर जवळपास तेवढाच असतो. ही वाढ मुख्यतः चेतासंस्थेची : अधिक पथके एका वेळी आणि नीट तालात कामाला लागतात. डोळ्यांना दिसेल इतका स्नायू भरायला साधारण सहा ते आठ आठवडे जातात. स्नायूला हाडाशी जोडणारे स्नायुबंध आणि हाडाला हाडाशी जोडणारे अस्थिबंध त्याहूनही मागे असतात. मल्लखांबावर दोन-तीन महिने झालेल्या मुलाची पकड घट्ट होते, पण मनगट आणि कोपर अजून तयार नसतात; दुखापती नेमक्या याच काळात होतात. वस्ताद उड्या लवकर शिकवत नाहीत, ते शास्त्राला धरूनच आहे.

स्नायूच्या छेदाच्या दर चौरस सेंटिमीटरमागे साधारण दोन ते तीन किलो वजनाइतके बल निर्माण होते. त्यामुळे माणसाच्या बळाला कमाल मर्यादा आहे. 1902 साली गामा पहिलवानाने बडोद्यात उचलला असे सांगितला जाणारा दगड सयाजीबागेतल्या संग्रहालयात आहे आणि त्याचे वजन 1,200 किलो सांगतात. जमिनीवरून वजन उचलण्याचा आजचा जागतिक विक्रम 500 किलोच्या आसपास आहे, तोही खास दांडीवर. तेव्हा एक तर तो आकडा फुगलेला असावा, नाहीतर ‘उचलला’ याचा अर्थ हलवला, कलता केला असा घ्यावा लागतो. गामाच्या थोरवीला त्याने बाध येत नाही.

श्वास आणि अभिसरण : विश्रांतीत माणूस मिनिटाला 12 ते 16 वेळा, दर वेळी सुमारे अर्धा लिटर, म्हणजे मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. कडक श्रमात ती 100 लिटरच्या पुढे जाते. तरीही निरोगी माणसाच्या रोहिणीतल्या रक्ताची ऑक्सिजन संपृक्तता 95 टक्क्यांच्या वरच राहते. दम लागतो तो फुप्फुसे अपुरी पडली म्हणून नव्हे. श्रमात कार्बन डायऑक्साइड जास्त बनू लागला आणि रक्तातली आम्लता वाढू लागली की श्वसनकेंद्र श्वासाचा वेग वाढवते, आणि कष्टाची ती जाणीव आपल्याला धाप म्हणून होते.

खरी अडचण असते हृदयापाशी. विश्रांतीत ते मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त बाहेर टाकते आणि स्नायू व इतर अवयव दर लिटरमधून सुमारे 50 मिलिलिटर ऑक्सिजन काढून घेतात. वापर 250 मिलिलिटर. धावताना रक्ताचा ओघ 20 लिटर झाला आणि काढून घेणे 150 मिलिलिटरवर गेले, तर वापर 3,000 मिलिलिटर होतो. म्हणजे बारापट वाढीपैकी चौपट हृदयाची आणि तिप्पट स्नायूंची. हा गुणाकार ॲडॉल्फ फिक यांनी 1870 साली मांडला. या वापराची कमाल मर्यादा वजनाच्या प्रमाणात मोजतात. विश्रांतीतला वापर दर किलोला मिनिटास 3.5 मिलिलिटर, फारसा व्यायाम न केलेल्या तरुणाची कमाल 35 ते 45, जागतिक दर्जाच्या लांब पल्ल्याच्या धावपटूची 70 ते 85. सरावाने मुख्यतः हृदयाचा एका ठोक्यातला झोत वाढतो. कसलेल्या माणसाची विश्रांतीतली नाडी 50 च्या घरात दिसते ती यामुळे. तेवढेच रक्त कमी ठोक्यांत जाते.

धावून आल्या आल्या एकदम थांबून उभे राहू नये, या सल्ल्यामागेही अभिसरणच आहे. स्नायूंतल्या रक्तवाहिन्या उघड्या असतात आणि पोटऱ्यांची हालचाल थांबताच नीलांमधले रक्त वर ढकलले जात नाही. रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. पाच मिनिटे सावकाश चालत राहिले की हे टळते.

दोरीच्या मल्लखांबावर लटकून राहणे हा याहून वेगळा प्रकार. पकड कमाल ताकदीच्या निम्म्याच्या वर गेली की आकसलेला स्नायू आपल्याच वाहिन्या दाबतो, रक्त आत शिरत नाही, अग्रबाहू भरून येतो आणि हात सुटतो. दमसास कितीही असला तरी इथे उपयोग नाही. मधूनमधून हात बदलून पकड सैल करणे एवढाच उपाय. अशा स्थिर ताणात, आणि श्वास कोंडून जोर काढताना, रक्तदाब झपकन वाढतो. उच्च रक्तदाब असलेल्याने जोर मारताना वर येता येता श्वास सोडावा, कोंडू नये.

दुखणे : पावागड चढताना धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरण्याने. खाली पाऊल टाकताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकसारखा आकसतो. तंतूंना बारीक इजा होते, सूज येते आणि दुखणे 24 ते 72 तासांत कळसाला पोचते. त्याचा दोष लॅक्टिक आम्लावर टाकण्याची पद्धत चुकीची आहे. ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज फोडताना बनणारे लॅक्टेट तासाभरात रक्तातून निघून जाते आणि हृदय व संथ तंतू तर ते इंधन म्हणून वापरतात. अर्ध्या वाटेवरच्या माचीपासून रोपवेने वर जाऊन पायी खाली उतरणारा म्हणूनच जास्त लंगडतो. उलट केलेले बरे. आधी दोन आठवडे थोड्या थोड्या बैठका सावकाश खाली जात मारल्या तर त्याच उतारावर त्रास पुष्कळ कमी होतो. दुखणे आठवड्यापेक्षा लांबले, लघवी चहासारखी काळपट झाली, तर स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटून मूत्रपिंडावर भार पडत आहे असे समजून ताबडतोब डॉक्टरकडे जावे.

उष्णता : खर्च झालेल्या ऊर्जेपैकी प्रत्यक्ष कामात येते 20 ते 25 टक्के, बाकीची उष्णता. तासाला 600 किलोकॅलरी खर्च करणाऱ्या 70 किलोच्या माणसात सुमारे 450 किलोकॅलरी उष्णता तयार होते. ती बाहेर गेलीच नाही तर शरीराचे तापमान दर आठ मिनिटांना एक अंशाने चढेल. एक लिटर घाम त्वचेवर वाळला तर तो 580 किलोकॅलरी घेऊन जातो, म्हणजे पाऊण-एक लिटर घाम पुरतो. पण तो वाळला पाहिजे. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो, पण हवा कोरडी असल्याने घाम निदान वाळतो. पावसाळ्यात आणि गरब्याच्या दमट रात्री तो नुसता गळतो. गळलेला घाम थंडावा देत नाही, पाणी मात्र जाते. प्लास्टिकचा घामसूट घालून पळणारे हीच परिस्थिती विकत घेतात. त्यात कमी झालेले वजन पाण्याचे असते आणि संध्याकाळपर्यंत परत येते.

व्यायामाआधी आणि नंतर, घाम पुसून, कमी कपड्यांत वजन करावे. एक किलो घट म्हणजे ढोबळमानाने एक लिटर पाणी. घट वजनाच्या दोन टक्क्यांपुढे, म्हणजे 70 किलोला 1.4 किलोपुढे गेली की दमसास उतरू लागतो. तासाभराच्या व्यायामाला साधे पाणी पुरे. तीन-चार तास गरबा खेळणाऱ्याने एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलेले पाणी घोट घोट घ्यावे. नुसते पाणी लिटरवर लिटर ढोसल्यास रक्तातले सोडियम उतरते. डोके दुखते, मळमळते, क्वचित झटके येतात. उन्हाळ्याची सवय लागायला सात ते चौदा दिवस हवेत : रक्तद्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातले मीठ कमी होते. उन्हात व्यायाम करणारा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला तर उष्माघात धरून चालावे. आधी सावलीत नेऊन अंगभर पाणी ओतावे, वारा घालावा आणि त्याच वेळी 108 ला फोन करावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

मापन : घरच्या घरी करण्याजोगी हार्वर्ड पायरी चाचणी 1940 च्या दशकातली आहे. सुमारे 51 सेंटिमीटर उंचीच्या पायरीवर मिनिटाला 30 वेळा चढ-उतार, पाच मिनिटे. मग बसून 1 ते 1½, 2 ते 2½ आणि 3 ते 3½ मिनिटांदरम्यानचे नाडीचे ठोके मोजायचे. चढ-उताराचे सेकंद गुणिले 100, भागिले तिन्ही मोजण्यांच्या बेरजेची दुप्पट. पूर्ण 300 सेकंद टिकलेल्याचे ठोके 75, 60 आणि 50 आले तर निर्देशांक 81, म्हणजे चांगला. 90 च्या वर उत्तम, 55 च्या खाली कमकुवत. बेताच्या उंचीच्या माणसाला 51 सेंटिमीटर फारच होतात. गुडघा काटकोनापेक्षा जास्त वाकतो आणि मांडी आधी हरते, हृदय नव्हे. अशांसाठी आणि स्त्रियांसाठी पायरी कमी उंचीची घेतात. मात्र दर वेळी तीच ठेवावी.

रोजच्या व्यायामाची तीव्रता नाडीवरून ठरवता येते. 220 वजा वय ही कमाल नाडी. या सूत्रात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. चाळिशीच्या, विश्रांतीत 70 नाडी असलेल्या माणसाची कमाल 180, मधले अंतर 110. त्याचे 60 टक्के 66, अधिक 70, म्हणजे व्यायामात गाठायची नाडी 136. बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्याची नाडी दाबलेली असते, त्याला हे गणित लागू नाही. त्याने बोलून पाहावे : पूर्ण वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढी चाल मध्यम.

सराव आणि खंड : शरीर सवयीपेक्षा थोड्या जास्त भारालाच प्रतिसाद देते, आणि बदल घडतो विश्रांतीत. 1966 साली अमेरिकेत डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांची ऑक्सिजन वापराची कमाल पाव भागाहून अधिक घसरली. तापातून उठलेल्या पहिलवानाने जुन्याच आकड्यावर बैठका सुरू करू नयेत. निम्म्यापासून आरंभ करून दर आठवड्याला थोडे वाढवावे. प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रम आणि दोन दिवस बळाचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस आहे. वर्षभर बसून राहिलेल्याने नवरात्रात नऊ रात्री उडी घेणे याच्या नेमके उलट. हृदयाच्या वाहिन्या आधीच अरुंद असतील तर अशा अनोळखी श्रमात झटक्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, गार घाम यांपैकी काही जाणवले की फेर सोडून बाहेर यावे आणि रुग्णालय गाठावे. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोडा पिण्यात वेळ घालवू नये.

मधुमेह : आकसणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातले ग्लुकोज आत घेतो, आणि इन्सुलिनला दिलेला वाढीव प्रतिसाद 24 ते 48 तास टिकतो. म्हणून आठवड्यात दोन दिवसांहून जास्त सलग खंड पडू देऊ नये. इन्सुलिन टोचणाऱ्याने व्यायामाआधी साखर पाहावी. ती 90 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर एखादे केळे खाऊन मगच निघावे; 250 च्या वर असून लघवीत कीटोन (चरबी जळताना बनणारी द्रव्ये) असतील तर त्या दिवशी व्यायाम नको. ज्या मांडीला चालायचे, धावायचे तिथे लगेच सुई टोचली तर औषध अपेक्षेपेक्षा लवकर रक्तात उतरते, त्यापेक्षा पोटावर घ्यावी. संध्याकाळी दमवणारा व्यायाम झाला असेल तर साखर मध्यरात्रीनंतरही उतरू शकते. झोपण्यापूर्वी ती पुन्हा एकदा मोजावी.